ही वही, ही पुस्तकं

टेबलावर एक वही आहे आणि तिच्या शेजारी चार पुस्तकं. बोट दाखवून मराठीत आपण म्हणतो 'ही वही' आणि 'ही पुस्तकं'. वही एक, पुस्तकं चार, तरी पुढचा 'ही' तोच. इंग्रजीत मात्र वहीला 'दिस' लागतो आणि पुस्तकांना 'दीज'. मराठी माणसाच्या तोंडून 'दिस बुक्स' निघतं ते नेमकं इथे.

ही चूक कानावर आली की नियम पाठ नाही असं म्हणून तोच तक्ता पुन्हा घोकायला दिला जातो. जवळचं एक, दिस. जवळची अनेक, दीज. लांबचं एक, दॅट. लांबची अनेक, दोज. चारच शब्द आहेत आणि ते पहिल्या आठवड्यातच पाठ होतात. तक्ता घडाघडा म्हणणारं मूल पुढच्या मिनिटाला 'दिस बुक्स' म्हणतं, कारण अडचण तक्त्यात नाहीच. ती आपल्या 'हा, ही, हे'मध्ये आहे. मराठीतलं दर्शक सर्वनाम नामाला जे प्रश्न विचारतं, ते इंग्रजीतल्यापेक्षा वेगळे आहेत. आपल्या सवयीच्या प्रश्नांची उत्तरं घेऊन इंग्रजीत गेलं की ठरलेल्या जागी पाय घसरतो. त्या जागा मोजक्या आहेत आणि आधी माहीत असतील तर सांभाळता येतात.

आपल्या घरापासून सुरुवात करू. मराठीत जवळच्या वस्तूसाठी तीन लिंगं आणि दोन वचनं मिळून सहा घरं होतात: हा घोडा, ही वही, हे झाड, हे घोडे, या वह्या, ही झाडं. घरं सहा, पण रूपं चारच. 'ही' स्त्रीलिंगी एकवचनातही आहे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनातही. 'हे' नपुंसकलिंगी एकवचनातही आहे आणि पुल्लिंगी अनेकवचनातही. म्हणजे नुसतं 'ही' किंवा 'हे' ऐकून वस्तू एक की अनेक हे सांगताच येत नाही. ते पुढचं नाम सांगतं. लांबच्या 'तो, ती, ते. ते, त्या, ती'ची गत हीच.

खरी गंमत याच्या पुढे आहे. नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की दर्शक सर्वनामाचंही सामान्यरूप होतं आणि सगळी रूपं एका 'या'मध्ये विरून जातात. 'या पुस्तकात' आणि 'या पुस्तकांत' यांत फरक आहे तो 'का'वरच्या एका अनुस्वाराचा. 'त्या मुलाला' आणि 'त्या मुलांना' यांतही मुलगा एक की अनेक ते नामच दाखवतं, 'त्या' ढिम्म हलत नाही. म्हणून 'इन दिस बुक्स' आणि 'टू दॅट चिल्ड्रन' या चुका 'दिस बुक्स'पेक्षाही चिवट असतात. कर्त्याच्या जागी सावध असलेला माणूस 'इन', 'फ्रॉम', 'विथ', 'ऑफ' आलं की घसरतो, कारण तिथे मराठी मनात फक्त 'या' असतो आणि 'या'ला वचनाचं काही देणंघेणं नसतं. 'वन ऑफ दिस बुक' हे त्याचं नेहमीचं रूप. 'या पुस्तकांपैकी एक' म्हणताना 'या'मध्ये अनेकवचन ऐकूच येत नाही. 'वन ऑफ' म्हटलं की पुढे समूह असणारच, म्हणून तिथे 'दीज बुक्स' किंवा 'दोज बुक्स'च हवं, आणि पुढचं क्रियापद 'वन'शी जुळून 'इज' येतं: 'वन ऑफ दीज बुक्स इज माइन'.

इंग्रजी दर्शक सर्वनाम लिंग विचारत नाही, आदर विचारत नाही, विभक्तीही विचारत नाही. ते दोनच गोष्टी विचारतं: एक की अनेक, आणि जवळ की लांब. यातला दुसरा प्रश्न आपल्याला सोपा जातो, कारण 'हा' आणि 'तो' यांत तोच भेद आहे. कष्ट सगळे पहिल्यावर घ्यायचे.

त्यासाठी क्रम उलटा लावावा लागतो. बोलताना सर्वनाम आधी येतं, पण ते ठरवायचं मात्र नामावरून. म्हणून तोंड उघडण्याआधी नाम मनात आणायचं, त्याचं शेपूट बघायचं, 'बुक' आहे की 'बुक्स', आणि मग 'दिस' की 'दीज' ते ठरवायचं. मध्ये विशेषणं आली तर ती ओलांडून थेट नामापर्यंत जायचं. 'दिस ओल्ड वुडन टेबल्स' ही चूक 'दिस टेबल्स'पेक्षा जास्त वेळा होते, कारण 'टेबल्स'चं अनेकवचन येईपर्यंत 'दिस' बोलून झालेलं असतं. आपल्याकडे 'हे मोठे जुने घोडे' म्हणताना 'मोठे' आणि 'जुने' अनेकवचनाची आठवण करून देत राहतात. इंग्रजीत 'ओल्ड' एकालाही तेच आणि शंभरांनाही तेच. विशेषणांची ही मुकी रांग ओलांडूनच वचन जुळवायचं असतं, म्हणून सराव करताना मुद्दाम लांब शब्दसमूह घ्यावेत. 'दिस बुक, दीज बुक्स' अशा दोन शब्दांच्या जोड्या लिहून लिहून हाताला सवय होते, कानाला होत नाही.

नामाचं शेपूट बघितलं म्हणजे काम झालं असंही नाही. काही नामं दोन भाषांत वेगवेगळी मोजली जातात, आणि तिथे मराठीतलं वचन इंग्रजीत नेलं की चूक ठरलेली.

'हे पैसे' आपल्याकडे अनेकवचन. इंग्रजीत 'मनी' मोजता न येणारं नाम, म्हणून 'दिस मनी'. 'हे केस' अनेकवचन, पण डोक्यावरच्या सगळ्या केसांना मिळून 'दिस हेअर'. 'दीज हेअर्स' म्हटलं तर कोटावर पडलेले सुटे केस डोळ्यांपुढे येतात. बातमी आपण एक, दोन, दहा अशी मोजतो, म्हणून 'दीज न्यूज' तोंडात येतं, त्यात शब्दाच्या शेवटी 'ज'चा आवाज असल्याने ते अनेकवचन वाटतंही. 'न्यूज' मात्र कायम एकवचनी: 'दिस न्यूज इज ओल्ड'. सुट्या बातम्या मोजायच्याच असतील तर 'दीज टू पीसेस ऑफ न्यूज' किंवा सरळ 'दीज टू स्टोरीज' म्हणावं. 'फर्निचर', 'इन्फर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस', 'लगेज', 'इक्विपमेंट', 'होमवर्क' हे सगळे 'दिस'चे सोबती. त्यांना 'एस' लावून 'दीज फर्निचर्स' म्हणणं ही एकातून निघालेली दुसरी चूक आहे. आधी नामाचं चुकीचं अनेकवचन होतं आणि मग सर्वनाम इमानाने त्याच्याशी जुळतं.

याच्या उलट बाजूला दोन पायांच्या आणि दोन पात्यांच्या वस्तू. 'ही कात्री' एक, पण 'दीज सिझर्स आर शार्प'. 'हा चष्मा' एक, पण 'दीज ग्लासेस'. 'ही पँट' एक, पण 'दीज ट्राउझर्स'. एकच वस्तू आहे हे सांगायचं असेल तर 'दिस पेअर ऑफ सिझर्स' म्हणावं, आणि मग क्रियापदही 'इज' होतं, कारण आता नाम 'पेअर' आहे. पायजमा तर आपल्याच बाजूचा शब्द. इंग्रजीने तो उचलला आणि ट्राउझर्सच्या पंगतीला बसवला, त्यामुळे आपला 'हा पायजमा' तिकडे 'दीज पजामाज' होऊन बसला आहे.

अशा नामांची यादी पाठ करण्यापेक्षा नवं नाम शिकतानाच ते 'दिस' किंवा 'दीज'सकट शिकावं असं मला वाटतं. वहीत 'इन्फर्मेशन म्हणजे माहिती' एवढंच न लिहिता 'दिस इन्फर्मेशन' लिहावं. 'सिझर्स' न लिहिता 'दीज सिझर्स' लिहावं. मराठी शिकणाऱ्याला आपण 'वही, स्त्रीलिंग' असं न सांगता 'ती वही' म्हणायला शिकवतो. युक्ती तीच आहे.

मग येतो आदर. 'ही माझी आई' इथे काही बिघडत नाही, 'दिस इज माय मदर' आपोआप येतं. पण 'हे माझे वडील' म्हटलं की 'हे'ही अनेकवचनी, 'माझे'ही अनेकवचनी, 'वडील'ही अनेकवचनी आणि 'आहेत'ही. त्याचं 'दीज आर माय फादर' झालं तर त्यामागे निष्काळजीपणा नसतो, संस्कार असतो. 'या आमच्या बाई' म्हणतानाही तेच. इंग्रजी दर्शक सर्वनामात आदराला जागा नाही. 'दिस इज माय फादर' हे कोरडं किंवा उद्धट नाही, तेच रीतीचं आहे. आदर दाखवायचा तर तो संबोधनातून आणि आवाजातून दाखवावा, वचनातून दाखवायला गेलं तर ऐकणारा दोन वडील शोधतो.

माणसांच्या बाबतीत आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा असा आहे. ओळख करून देताना किंवा कोण आहे ते विचारताना नुसतं 'दिस' किंवा 'दॅट' माणसाला चालतं: 'दिस इज माय सिस्टर', 'हू इज दॅट?' फोनवर स्वतःचं नाव सांगतानाही 'दिस इज' म्हणतात. पलीकडे कोण आहे ते विचारताना ब्रिटिश बोलीत 'इज दॅट' आणि अमेरिकन बोलीत 'इज दिस' अशी रीत आहे. पण ओळख झाली की 'दिस'चं काम संपलं. 'दिस इज माय सिस्टर. दिस लिव्ह्ज हिअर' असं म्हणता येत नाही, दुसऱ्या वाक्यात 'शी' हवं. मराठीत 'तो' म्हणजे इंग्रजीतला 'ही' (he) सुद्धा आणि 'दॅट'ही, 'तो मुलगा' आणि 'तो आला' यांत एकच शब्द. इंग्रजीने ही दोन कामं वाटून दिली आहेत. एखाद्या माणसाला नुसतं 'दॅट' म्हटलं तर त्याला वस्तूच्या रांगेत बसवल्यासारखं होतं, आपल्याकडे कुणाबद्दल 'ते काय आलंय' असं म्हटल्यावर होतं तसं.

वस्तूंच्या बाबतीतही ही वाटणी पाळली जाते. 'इज दिस युवर बॅग?' याचं उत्तर 'येस, इट इज'. 'आर दीज युवर कीज?' याचं उत्तर 'येस, दे आर'. मराठीत 'ही तुझी पिशवी का?' याला 'हो, ही माझीच' असं उत्तर देतो, म्हणून 'येस, दिस इज' तोंडात येतं. इंग्रजीत दर्शक सर्वनाम वस्तू एकदा दाखवतं आणि बाजूला होतं, पुढचा कारभार 'इट' आणि 'दे' बघतात. वाक्याच्या शेपटीला जोडलेल्या प्रश्नातही तसंच: 'दिस इज युवर्स, इझन्ट इट?', 'दीज आर युवर्स, आरन्ट दे?'

लेखनात सगळ्यात जास्त खुपणारी चूक वेगळीच आहे. 'द बुक्स दोज आर ऑन द टेबल'. हे वाक्य लिहिणाऱ्याचा तर्क चोख असतो. 'जे पुस्तक' आणि 'जी पुस्तकं' यांत रूप बदलतं, मग 'द बुक दॅट' असेल तर 'द बुक्स दोज' का नाही? कारण दोन वाक्यं सांधणारा 'दॅट' दर्शक नाही. तो आपल्या 'जो, जी, जे'चं काम करतो आणि त्याला अनेकवचन नाही: 'द बुक्स दॅट आर ऑन द टेबल'. दोन्ही 'दॅट' कानाने ओळखता येतात. दर्शक 'दॅट' पूर्ण उच्चारला जातो, त्यातला 'अ‍ॅ' स्पष्ट ऐकू येतो. सांधणारा 'दॅट' दबून 'दट'सारखा होतो. 'आय नो दॅट दॅट इज ट्रू' हे वाक्य मोठ्याने वाचलं की पहिला दबतो आणि दुसरा उठतो. पहिला आपला 'की', दुसरा आपला 'ते': मला माहीत आहे की ते खरं आहे. दोन्हींवर सारखा जोर दिला तर ऐकणारा अडखळतो.

'जो-तो'ची जोडी मात्र इंग्रजीत एका जागी छान उतरते. 'जे येतील ते' म्हणजे 'दोज हू कम'. इथे 'दोज'मध्ये लांबचा अर्थ उरलेला नसतो, नुसतं 'ते सगळे, जे' एवढंच. म्हणून 'दीज हू कम' होत नाही. एका माणसाबद्दल 'दॅट हू'ही होत नाही, तिथे 'एनीवन हू' किंवा 'द पर्सन हू' म्हणावं लागतं.

तुलनेत 'दॅट' आणि 'दोज' फार उपयोगी पडतात, आणि आपण नेमके तिथेच ते गाळतो. 'या पुस्तकाची पानं त्या पुस्तकापेक्षा जाड आहेत' हे मराठीत खपून जातं. इंग्रजीत तसंच लिहिलं तर पानांची तुलना पुस्तकाशी होते. 'द पेजेस ऑफ दिस बुक आर थिकर दॅन दोज ऑफ द अदर'. पानं अनेक, म्हणून 'दोज'. कव्हरबद्दल बोलायचं तर 'दॅन दॅट ऑफ द अदर'. परीक्षेच्या उत्तरात, अहवालात, अर्जात हे एक 'दोज' बरोबर बसलं की वाक्य सुतारकामातल्या सांध्यासारखं घट्ट होतं.

शब्दांच्या क्रमाचं थोडक्यात सांगतो. 'ही सगळी पुस्तकं' म्हणजे 'ऑल दीज बुक्स', 'दीज ऑल बुक्स' नाही. 'ही दोन्ही पुस्तकं' म्हणजे 'बोथ दीज बुक्स'. 'ऑल' आणि 'बोथ' पुढे जाऊन उभे राहतात, आकडा मात्र आपल्यासारखाच मागे राहतो: 'दीज थ्री बुक्स'. 'हे माझं पुस्तक' हा शब्दसमूह 'दिस माय बुक' असा होत नाही, कारण 'दिस' आणि 'माय' एकाच खुर्चीवर बसणारे शब्द आहेत. दोन्ही हवे असतील तर 'दिस बुक ऑफ माइन'. प्रकार सांगताना 'दिस काइंड ऑफ बुक' आणि 'दीज काइंड्स ऑफ बुक्स' ही दोन्ही निर्धोक. 'दीज काइंड ऑफ बुक्स' बोलण्यात शतकानुशतकं चालत आलं आहे, पण लिहिताना टाळावं, तपासणारा त्यावर हमखास लाल रेघ मारतो.

इंग्रजी नेहमीच अशी नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत आपल्यासारखी तीन लिंगं होती आणि दर्शक शब्द त्यांच्याशी जुळत असे. पुल्लिंगी 'से', स्त्रीलिंगी 'सेओ' आणि नपुंसकलिंगी 'थॅट', जवळजवळ आपल्या 'तो, ती, ते'सारखे. विभक्तीप्रमाणे त्यांची रूपंही बदलत. पुढच्या काही शतकांत लिंगं गळून पडली आणि त्या नपुंसकलिंगी रूपातून आजचा 'दॅट' उरला. विशेषणांची वचनंही गेली. नामाआधी येऊन एक-अनेक सांगणारे फक्त दर्शक शब्द टिकले, म्हणूनच तिथे चूक झाली की ती इतकी उघडी पडते. त्यातला 'दोज' तर जागा बदलून आला आहे. तो निघाला 'थास' या रूपापासून, आणि 'थास' हे 'दॅट'चं नव्हे, 'दिस'चं अनेकवचन होतं. जवळच्यांचा शब्द लांबच्यांना गेला आणि जवळच्यांसाठी 'दीज' नव्याने घडला.

आता उच्चार. आतापर्यंत देवनागरीत 'दिस' आणि 'दीज' लिहिलं ते सोयीसाठी. सुरुवातीचा ध्वनी आपला 'द' नाही आणि 'ध'ही नाही. जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला हलकं टेकवून, हवा न अडवता आवाज काढायचा असतो. तो जमला तर उत्तम, पण त्याजागी स्वच्छ 'द' आला तरी ऐकणाऱ्याला शब्द कळतो. वचन आहे ते शब्दाच्या मागच्या भागात, म्हणून मेहनत तिथे घ्यावी. 'दिस'मधला स्वर आखूड आणि शेवटी 'स'. 'दीज'मधला स्वर लांब आणि शेवटी जो ध्वनी येतो तो 'जहाज'मधल्या 'ज'च्या जवळचा. 'जेवण'मधला तालव्य 'ज' नको. 'जहाज'चा 'ज' काढताना जीभ क्षणभर टेकते, इथे तीही टेकवायची नाही, 'स' लांबवावा तसा हा ध्वनी लांबवता आला पाहिजे. घशावर दोन बोटं ठेवून म्हणून बघा. 'दिस'च्या शेवटी बोटांखाली शांत होतं, 'दीज'च्या शेवटी कंप चालू राहतो. बहुतेकांचा स्वर लांब होतो पण शेवट 'स'च राहतो, 'दीस' असं काहीतरी होतं, आणि बरोबर योजलेलं अनेकवचनही चुकीचं ऐकू जातं.

'बुक्स'सारख्या नामात 'एस' मदतीला असतो. 'शीप'मध्ये नसतो. एक मेंढी 'शीप', शंभर मेंढ्या 'शीप'. 'सीरीज', 'स्पीशीज', 'एअरक्राफ्ट' यांचंही तसंच. म्हणून सरावासाठी हीच नामं घ्यावीत: 'दिस शीप', 'दीज शीप', मग मध्ये विशेषण घालून 'दिस व्हाइट शीप', 'दीज व्हाइट शीप'. समोरच्याने डोळे मिटून ऐकावं आणि मेंढ्या किती ते बोटांनी दाखवावं. एक बोट वर येतं की पाच, हे सगळं त्या शेवटच्या कंपावर ठरतं.